पाठराखीण

आमच्या हिंगोलीकडे 'स्थलांतर' हा शब्द कोणी बोलत नाही. तो वर्तमानपत्रात असतो, सरकारी अहवालात असतो आणि आम्हा शिकवणाऱ्या मंडळींच्या प्रश्नपत्रिकेत असतो. गावातल्या माणसाला तुम्ही विचारा, "शेजारच्या घराला कुलूप कसं?" तो सांगेल, "ते जगायला गेले." कुठे गेले, किती दिवसांसाठी गेले, कोणत्या कामावर गेले, हे सारे मागाहून. आधी जगायला गेले. मग इथे होते तेव्हा काय करीत होते, असा प्रश्न एखाद्या शहरी पाहुण्याला पडावा. आमच्याकडे तो कोणालाच पडत नाही.

मराठी शिकवण्यात आयुष्याची वीस वर्षे गेल्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची मला खोड आहे. घर सोडून दुसरीकडे जाणे ही क्रिया एकच. पण तिच्यासाठी आपण किती क्रियापदे राखून ठेवली आहेत पहा! साहेबाची बदली होते. प्राध्यापक रुजू होतो. डॉक्टरांचा मुलगा अमेरिकेत 'सेटल' होतो. लेक नांदायला जाते. आणि कोरडवाहू शेतकरी जगायला जातो.

यातले 'नांदायला जाणे' मला फार विचार करण्याजोगे वाटते. आपल्या समाजातले सर्वांत मोठे स्थलांतर तेच. घरोघरची बाई कधीतरी एका उंबऱ्यातून उठून दुसऱ्या उंबऱ्यात गेलेली आहे. आणि या जाण्याची आपल्या जुन्या माणसांनी केवढी व्यवस्था लावून ठेवली होती! नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जायची. एखादी आत्या, थोरली बहीण, नाहीतर घरातली जाणती आजी. चार दिवस राहून ती घर पाहायची, माणसे पाहायची, पोर रुळते का ते पाहायची. पुढे सणावाराला मुऱ्हाळी यायचा. दोन्ही घरे एकमेकांची व्याही झालेली असायची. म्हणून सासरी जाच होत नसे असे मुळीच नाही. जात्यावरच्या ओव्या त्या जाचानेच भरल्या आहेत. पण जाच झाला तर कोणाच्या दाराशी जायचे, कोणी कोणाला जाब विचारायचा, हे ठरलेले असे.

जगायला जाणाऱ्याला पाठराखीण नसते. मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारा त्याचा विस्तार.

हिंगोली जिल्हा तसा वयाने लहान. १९९९ च्या १ मे रोजी तो परभणीतून वेगळा निघाला. तालुके पाचच. खाली वसमतकडे येलदरी-सिद्धेश्वर धरणांचे पाणी कालव्याने फिरते. तिकडे ऊस आहे, केळी आहेत, हळद तर आहेच. पण सेनगावचा माळ, औंढ्याचे डोंगर, कळमनुरीकडचे तांडे आणि आंध आदिवासींची गावे लागली की शेती सगळी पावसाच्या हवाली. सोयाबीन निघाले की हाताला काम उरत नाही. मग कोणी हैदराबाद गाठतो, कोणी पुण्याला बांधकामावर जातो, आणि पुष्कळजण कारखान्याला जातात. 'कारखान्याला जाणे' म्हणजे यंत्रावर काम करणे असे कोणी समजू नये. त्याचा अर्थ ऊस तोडायला जाणे.

या आठवड्यात तुमच्या घरी रव्याचे लाडू वळले गेले असतील, करंज्यांच्या सारणात पिठीसाखर पडली असेल. त्या साखरेची गोष्ट अशी आहे. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाने उतरू लागते. म्हणून तोडलेला ऊस लगोलग चरकात गेला पाहिजे. कारखाना रात्रंदिवस चालतो, त्यामुळे तोडही अवेळी चालते, आणि तोडणारा फडाच्या जवळच राहिला पाहिजे. तो कोपी घालून राहतो. वर पाचट, नाहीतर ताडपत्री. आत एक चूल, एक कंदील नाहीतर बॅटरी, आणि साडीच्या झोळीत पोर. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. हिशेबाच्या वहीत माणसांची नावे नंतर येतात, आधी कोयते मोजतात. पेरणीच्या दिवसांत, घरात पैसा नसतो तेव्हा, मुकादम येऊन 'उचल' देऊन जातो. दसरा-दिवाळी झाली की त्याचा ट्रक दाराशी उभा राहतो. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ती उचल फेडायची. महाराष्ट्रात असे आठ-दहा लाख लोक दर हंगामाला घर सोडतात असे सांगतात. सर्वांत अधिक बीड जिल्ह्यातले, पण आमच्या हिंगोलीचा वाटाही त्यात आहे.

आता ट्रक सुटला की मागे काय राहते ते पाहू. घर राहते, म्हातारी राहते. आणि हक्कही मागेच राहतात, हे चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. रेशनकार्ड गावच्या दुकानाशी बांधलेले. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर. पोटुशी बाईची नोंद गावच्या अंगणवाडीत. मत गावच्या केंद्रावर. २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आले, नेमके गाळपाच्या तोंडाशी. आपण म्हणतो, अमुक हक्क माणसाला आहे. पुष्कळ हक्क प्रत्यक्षात गावाला बांधलेले असतात. माणूस वेस ओलांडून गेला की इकडचे म्हणतात, "तो इथे नाही", तिकडचे म्हणतात, "तो आमचा नाही." दोन्ही बोलणी अगदी खरी! खोटे कोणीच बोलत नाही, आणि माणूस मधल्या मधे राहतो.

माझ्या वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. दिवाळीच्या सुटीआधी ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, सुटीनंतर मी येणार नाही. आईच्या कमरेला मार लागलाय. बापाचा कोयता अर्धा राहतो."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेला येते की. फॉर्म मैत्रीण भरणार आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "मॅडम, तिथं कारखान्याच्या गावाला कॉलेज आहे. कधी सांजचं, कधी तोड नसंल तेव्हा, तिथं वर्गात बसू देत नाहीत का? पुस्तकं तर तीच असतील ना?"

पुस्तके तीच नव्हती. विद्यापीठ वेगळे, नेमलेली पुस्तके वेगळी, हजेरीची वही वेगळी. आमच्या नियमांत तिच्या प्रश्नाला कुठेच जागा नव्हती. नियम वाईट होते असे नाही. ते एका जागी बसून शिकणाऱ्या मुलांसाठी केले होते. मार्चअखेर पट्टा पडला, एप्रिलात ती आली, परीक्षेला बसली आणि उत्तीर्णही झाली. वर्गात असण्यावर मिळणारे गुण तेवढे गेले. मला तिच्या गुणांपेक्षा तिच्या प्रश्नाचे अधिक वाटते. इकडच्या आणि तिकडच्या शाळेने एकमेकींशी बोलावे, एवढेच ती सुचवीत होती. मोठमोठ्या परिषदांतून शहाणी माणसे जे सांगतात ते याहून फारसे निराळे नसते.

कायदा काय म्हणतो तेही पाहण्याजोगे आहे. १९७९ साली संसदेने परराज्यात कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी एक कायदा केला. ओरिसातून ठेकेदारांमार्फत नेल्या जाणाऱ्या मजुरांचे हाल त्याच्या मुळाशी होते. कायदा चांगला होता. मजूर जिथून निघतो तिथला परवाना ठेकेदाराने काढायचा आणि जिथे पोचतो तिथलाही. मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे, त्यात मजुरी आणि उचल लिहायची. जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, घर सोडावे लागते म्हणून वेगळा भत्ता द्यायचा. दोन्ही टोकांना परवाना, म्हणजे दोन्ही घरे व्याही! पण अट अशी होती की मजुराने राज्याची सीमा ओलांडली पाहिजे. सेनगावचे कुटुंब पाचशे किलोमीटर दूर कोल्हापूरला गेले, तर ते या कायद्याच्या लेखी घरीच बसलेले. तेच कुटुंब आणखी चाळीसेक किलोमीटर पुढे निपाणीला गेले, की ते परराज्यातले मजूर ठरले. २०२० साली संसदेने हा कायदा कामगारांच्या एका नव्या संहितेत सामावून घेतला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती संहिता लागू झाली. ठेकेदाराशिवाय आपण होऊन गेलेला मजूरही त्यात धरला, हे बरे झाले. सीमेची अट मात्र तशीच राहिली.

सीमा ही काय चीज असते हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना कोणी शिकवायला नको. माझी आजी कळमनुरीकडची. तिच्या लहानपणी पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. सात हालींना सहा कलदार मिळत. मध्ये करोडगिरीचे नाके. पलीकडच्या गावात मावशी दिलेली असली तरी ती दुसऱ्या मुलखात दिलेली. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती फार वाढली. आजी तेव्हा अकरा वर्षांची होती. नदीला पाणी गुडघाभर होते. एका रात्री तिचे सारे घर नदी उतरून उमरखेडच्या बाजूला गेले. उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता, आणि त्या आसऱ्याने आसपासच्या गावांत अशी कितीतरी घरे येऊन टेकली होती.

"लोकांनी कसं वागवलं गं?" असे मी तिला एकदा विचारले होते. मला वाटले होते, ती गहिवरून काही सांगेल. तिने दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"एका बाईनं गोठा झाडून दिला. ज्वारी दिली. कोण, कुठले, काही इचारलं नाही. पण खोटं कशाला बोलू बाई, आमचे बाप्ये कमी पैशात कामाला जाऊ लागले, तशी तिथली मजुरी उतरली. मग तिथल्या बाया आमच्यावर चिडायच्या. आमच्याच पाण्याच्या घागरीकडं डोळे वटारून बघायच्या. त्यांचं तरी काय चुकलं?"

सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या, निजाम शरण गेला आणि ही माणसे घरी परतली. पण आजीच्या त्या बोलण्यात मला साऱ्या प्रश्नाची गुंडाळी सापडते. येणाऱ्याला आसरा हवा असतो, आणि आधीपासून राहणाऱ्याला भीती वाटते की माझी भाकरी अर्धी होईल. ही भीती नेहमीच खोटी नसते. येणारा लाचार असला की तो पडेल त्या मजुरीवर काम करतो आणि दोघांचीही मजुरी बुडते. म्हणून येणाऱ्याला पुरी मजुरी आणि पुरा हक्क मिळवून देणे यात तिथल्या मजुराचेही हित असते. दयेच्या भाषेत हे नीट सांगता येत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगता येते.

साखर आणि घर सोडणे यांचे नाते काही आजचे नाही. १८३४ पासून इंग्रजांनी हिंदी मजूर करार करून मॉरिशसला नेले ते उसाच्या मळ्यांसाठीच. जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. मजुरांचे हाल ऐकून १८३९ मध्ये ही वाहतूक थांबवण्यात आली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू करताना दोन्ही टोकांना अधिकारी नेमायचे ठरले, एक इथल्या बंदरावर आणि एक तिकडच्या. कागदावर तरी पाठराखीण आली! पुष्कळदा ती पाठराखीण मळेवाल्यांच्याच पंगतीला जेवायला बसे, ही गोष्ट निराळी. नाताळमध्ये १८६० पासून हीच कथा झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ठराव मांडला, की नाताळला असे मजूर पाठवणे बंद करा. तो मान्य झाला. १९१२ साली त्यांनी ही सगळी पद्धतच मोडून काढण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला स्वतः जाऊन आले. १९१७ साली करारबद्ध मजुरांची भरती थांबली, तेव्हा गोखल्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. पुण्यातल्या एका प्राध्यापकाने समुद्रापलीकडच्या ऊसतोड्यांसाठी आपली प्रकृती झिजवली, हे आपण मराठी माणसांनी अधिक वेळा आठवायला हवे.

करार गेला, पण त्याचे भाऊबंद राहिले. मराठवाड्यातली पुष्कळ मुले आखातात जातात. तिथे मजूर ज्याच्या नावावर येतो त्याला 'कफील' म्हणतात. आमच्याकडच्या जुन्या लोकांना हा शब्द परका नाही. निजामी उर्दूत कफील म्हणजे जामीन राहणारा. जामीन राहतो म्हणून तो मालक होतो. त्याच्या मर्जीवाचून नोकरी सोडता येत नसे, पुष्कळदा पासपोर्टही त्याच्याच कपाटात. आमचा मुकादम आणि तो कफील यांना समोरासमोर बसवले तर एकमेकांची भाषा कळायला त्यांना फार वेळ लागू नये. आपल्या सरकारने १९८३ च्या कायद्याने परदेशी मजूर नेणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि मॅट्रिक न झालेल्यांच्या बाबतीत काही देशांसाठी आधी तपासणी ठेवली. पण इकडच्या कायद्याचा हात तिकडच्या कपाटापर्यंत पोचत नाही. तो पोचायचा तर तिकडच्यानेही हात पुढे केला पाहिजे. कतारमध्ये ते थोडे घडले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेपुढे तक्रार गेली, संघटनेने २०१८ साली दोह्यात कार्यालय उघडले, आणि २०२० साली मालकाच्या दाखल्यावाचून नोकरी बदलण्याची मुभा मजुराला मिळाली. सगळे काही सुधारले असे कोणी म्हणत नाही. पण जिथे दोन्ही टोके बोलली तिथे गाठ थोडी सैल झाली.

ही मजूर संघटना १९१९ सालची. आपल्या देशाबाहेर काम करणाऱ्या मजुरांच्या हिताचे रक्षण करणे, हे वाक्य तिच्या घटनेच्या पहिल्याच पानावर आहे. आजी पैनगंगा उतरली त्याच वर्षी, १९४८ च्या डिसेंबरात, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात लिहिले आहे की प्रत्येकाला आपल्या देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि आपला देश सोडून जाण्याचाही हक्क आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क मात्र त्यात नाही. निघायचा हक्क आहे, पोचायचा नाही! १९९० साली परदेशी मजूर आणि त्यांच्या कुटुंबांसाठी एक मोठा करार झाला. मजूर ज्या श्रीमंत देशांत जातात त्यांनी तो बहुतेक स्वीकारलाच नाही, आणि आपणही नाही. शेवटी २०१८ च्या डिसेंबरात मोरोक्कोतल्या माराकेश शहरी जगातले देश जमले. तेवीस उद्दिष्टांचा एक मसुदा त्यांनी मान्य केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सभेत १५२ देशांनी बाजूने मत दिले, त्यांत भारत होता. पाच देश विरुद्ध गेले, बारा तटस्थ राहिले. विरोध करणाऱ्यांना वाटत होते की आमच्या दारात कोणाला घ्यायचे हे दुसरे ठरवतील. वास्तविक तो मसुदा कोणावर बंधनकारक नाही. प्रत्येक देशाचा दाराचा हक्क त्यात शाबूत आहे.

मी ती उद्दिष्टे वाचली तेव्हा मला ती फार ओळखीची वाटली. निघणाऱ्याजवळ ओळखीचे कागद असावेत. कामाला नेणाऱ्याने त्याला कर्जात बुडवू नये. जिथे पोचेल तिथे त्याला दवाखाना आणि मुलाला शाळा मिळावी. कमावलेले हक्क त्याच्याबरोबर जावेत. त्याने घरी धाडलेल्या पैशाला वाटेत गळती लागू नये. माराकेशची भाषा भारी आहे, पण त्यातले एकही कलम असे नाही की जे कळमनुरीच्या एखाद्या ऊसतोड बाईला समजावून सांगावे लागेल. उलट तिनेच आपल्याला समजावून सांगावे.

कोणी म्हणेल, हे सारे कागदी मनोरे. तसे नाही. २०१९ च्या ऑगस्टात एक साधी गोष्ट घडली. महाराष्ट्र आणि गुजरात यांनी आपसात जोडी केली, आंध्र आणि तेलंगणाने आपसात केली. एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातल्या दुकानावर चालू लागले. मग एकेक राज्य त्यात येत गेले. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना मुदत घालून दिली. आज आमचे कुटुंब बेळगावकडे तोडीला गेले तरी आपले धान्य तिथल्या दुकानातून उचलू शकते. अंगठा जुळत नाही, दुकानदार कुरकुरतो, हे आहेच. पण धान्याचा हक्क गावच्या खुंट्याचा सुटून माणसाच्या अंगठ्याबरोबर चालू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे निघाली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, ऊसतोड कामगारांच्या नावाचे एक महामंडळही झाले. कुठे चांगले चालते, कुठे नुसती पाटी असते. पण वाट कुठली हे आता ठाऊक झाले आहे.

ती वाट नसली म्हणजे काय होते हे २०२० साली आपण पाहिले. २४ मार्चच्या रात्री साऱ्या देशाला जिथे आहात तिथे थांबा असे सांगण्यात आले. घर असलेल्यांना ते सोपे होते. लाखाहून अधिक ऊसतोड माणसे पश्चिम महाराष्ट्रात फडांच्या कडेला अडकली. जिल्ह्यांच्या सीमा बंद. इकडे गावांनीही वेशीवर काट्या टाकलेल्या, आपलीच माणसे येऊ नयेत म्हणून! १७ एप्रिलला सरकारने त्यांना तपासून घरी नेण्याची परवानगी दिली, आणि कारखाने, दोन्हीकडचे जिल्हे आणि ग्रामपंचायती एकमेकांशी बोलू लागल्या, तेव्हा ट्रक हलले.

मध्य प्रदेशातल्या त्या सोळा जणांसाठी मात्र कोणी कोणाशी बोलले नाही. ते जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले, रुळांवरून चालत. आगगाड्या बंद आहेत अशा समजुतीने करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. दुसऱ्या दिवशी रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मी तो पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की आम्ही मराठवाड्याची माणसे स्वतःला नेहमी निघणाऱ्यांत मोजतो. पण आमच्याकडेही कोणी जगायला येते. आमचा जालना कोणाचे तरी परमुलूख आहे.

वास्तविक आमच्या या मुलखाला जाणे-येणे नवे नाही. संत नामदेवांचे नरसी आमच्या हिंगोली जिल्ह्यातले. त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले ते औंढ्या नागनाथाला. त्यांचे मूळचे काम शिंप्याचे. पंढरीचा हा माणूस पुढे पंजाबात गेला, घुमान गावी राहिला. परमुलखातून आलेल्या या शिंप्याची पदे पंजाबाने आपल्या पवित्र ग्रंथात ठेवून घेतली. गुरू ग्रंथसाहिबात ती एकसष्ट आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते याच नात्याने. आणि पंजाबची परतफेडही थोडी नाही. गुरू गोविंदसिंग आमच्या शेजारी नांदेडला आले आणि १७०८ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. नरसीचा माणूस घुमानला आपला झाला, पंजाबचा गुरू नांदेडला आपला झाला. २०२० च्या एप्रिलात हजारो शीख यात्रेकरू नांदेडला अडकले, तेव्हा पंजाब सरकारने बसगाड्या धाडून त्यांना नेले. व्याह्यांनी असे धावून जायचे असते.

आमच्या गल्लीत एक फरशी बसवणारा कारागीर राहतो, गोरखपूरकडचा. त्याची मुलगी इथल्या मराठी शाळेत दुसरीत आहे. पहिल्या वर्षी ती 'हलद' म्हणायची. हळदीच्या गावात हे कसे चालावे? आता तिचा 'ळ' माझ्या शहरी भाच्यांपेक्षा खणखणीत आहे. तिला हे कोणी अधिकाऱ्याने शिकवले नाही. वर्गातल्या पोरींनी हसून हसून शिकवले, आणि शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी कागदांच्या अभावी तिला परत धाडले नाही. दोन्ही गोष्टी लागतात. कायद्याने दार उघडते, आणि आत ये म्हणायला माणूस लागतो.

वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या मागे नवी इमारत उठत असेल. तिथे पत्र्याच्या खोल्यांतून जी माणसे राहतात, त्यांत आमच्याकडचे कोणी असू शकेल, झारखंडचे असेल, तेलंगणातले असेल. फराळाचे ताट तुम्ही त्यांना पाठवालच. ती आपली रीत आहे. पण ताट देताना एवढे विचारा, की पोर शाळेत जाते का, रेशनकार्ड इथे चालते हे ठाऊक आहे का, मुकादमाने पैसे कशावर लिहून दिले आहेत का. आणि उत्तर 'नाही' आले, तर एक दिवस त्यांच्याबरोबर शाळेत नाहीतर रेशनच्या दुकानात जाऊन या. नुसते बरोबर जायचे. जुन्या काळी पाठराखीण तरी याहून वेगळे काय करीत असे?